भूमिगत कोळसा खाणीचा वरचा परिसर आणि प्रवेश: नाशिकहून कामाला जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक जिल्ह्यात कोळसा खाण नाही. आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्राचा कोळसाही रेल्वेच्या रेकने बाहेरून येतो. महाराष्ट्रातला कोळसा गोंडवाना खडकांत आहे: वर्धा खोरं, कामठी, उमरेड. तरीही सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांतून पॅनेल, पंप, कन्व्हेयरचे सांगाडे, शेड आणि ते बसवणारी माणसं विदर्भातल्या खाणींवर जातात. पहिल्यांदा जाणारा बहुतेक वेळा गेटवरच अडतो आणि दोन दिवस लॉजमध्ये बसून राहतो. पुढची उत्तरं त्याच्यासाठी, त्याच्या सुपरवायझरसाठी आणि भेटीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहेत.

खाणीच्या वरच्या परिसरात नेमकं काय काय असतं?

खाणीचं तोंड दोन प्रकारचं. सरळ खाली जाणारी विहीर म्हणजे शाफ्ट, आणि उतरत जाणारा बोगदा म्हणजे इन्क्लाइन. माणसं खाली असणाऱ्या खाणीला बाहेर पडण्याचे किमान दोन स्वतंत्र मार्ग हवेतच. या तोंडांभोवती हाजरी ऑफिस, लॅम्प रूम, मॅनेजरचं ऑफिस, प्रथमोपचार खोली, वाइंडिंग किंवा हॉलेजचं (शाफ्टमधली डोली किंवा इन्क्लाइनमधले टब दोराने ओढणारं) इंजिनघर, मुख्य पंख्याचं घर, सबस्टेशन, वर्कशॉप, स्टोअर, लाकूड आणि रूफ बोल्ट ठेवायचं यार्ड असतं. थोड्या अंतरावर कोळसा हाताळणी, वजनकाटा, साइडिंग. आणि सगळ्यांपासून लांब, कुंपणात, स्फोटकांचं मॅगझिन.

नकाशा पाहिला की हे सगळं अस्ताव्यस्त वाटतं. पण प्रत्येक जागा दोन गोष्टी सांभाळून ठरलेली असते: आत्ता खाली किती माणसं आहेत हे क्षणात कळलं पाहिजे, आणि त्या माणसांना स्वच्छ हवा मिळत राहिली पाहिजे. गेटवरचे जाचक वाटणारे नियम याच दोन गोष्टींतून आले आहेत.

प्रवेशाची परवानगी कोण देतं?

खाणीचा मॅनेजर. कंपनीच्या मुख्यालयातून वर्क ऑर्डर मिळाली म्हणून गेट उघडत नाही. कायद्याप्रमाणे त्या खाणीतल्या सुरक्षिततेची जबाबदारी मॅनेजरच्या अंगावर असते, त्यामुळे ‘नागपूरच्या साहेबांनी सांगितलंय’ या वाक्याचा तिथे उपयोग होत नाही. सुरक्षा रक्षक गेटपास तपासतो, परवानगी देत नाही. त्याच्याशी वाद घालण्यात अर्धा दिवस जातो आणि पुढच्या दहा दिवसांची वागणूक बिघडते.

कामगार न्यायचे असतील तर कोणती कागदपत्रं लागतात?

सगळ्यात जास्त फजिती इथे होते, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट वय. १८ वर्षांखालचा माणूस खाणीत कामाला चालत नाही, आणि ‘खाण’ या शब्दात वरचा परिसरही येतो. वर्कशॉपमधल्या शिकाऊ पोराला मदतनीस म्हणून गाडीत बसवू नका.

दुसरी, प्राथमिक वैद्यकीय तपासणी. खाणीत तिला आयएमई म्हणतात. छातीचा एक्स-रे, फुफ्फुसाची क्षमता, ऐकणं, नजर, रक्तदाब पाहून फॉर्म ओ मध्ये अहवाल मिळतो. ही तपासणी खाणीने नेमलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडेच व्हावी लागते. नाशिकच्या डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट कितीही नेटकं असलं तरी त्याची जागा घेत नाही. रक्तदाब वाढलेला निघाला तर माणूस परत पाठवतात, म्हणून निघण्यापूर्वी इथे एकदा तपासून घ्या. तेवढाच त्या सर्टिफिकेटचा उपयोग. कायम काम करणाऱ्यांची तपासणी ठरावीक काळाने पुन्हा होते.

तिसरी, व्यवसाय प्रशिक्षण. १९६६ च्या नियमांनुसार कामाच्या स्वरूपाप्रमाणे व्हीटीसीत, म्हणजे व्यवसाय प्रशिक्षण केंद्रात, प्रशिक्षण घ्यावं लागतं. वरच्या कामाचं वेगळं, खालच्या कामाचं वेगळं. वरच्या कामाचं प्रमाणपत्र असलेल्या वेल्डरला ‘जरा खाली जाऊन ये’ म्हणता येत नाही. प्रशिक्षणाचे दिवस तुमच्या वेळापत्रकात धरलेले नसतात, आणि मग दंडाची कलमं लागू होतात. कोटेशन देतानाच ते दिवस धरा.

चौथी, रजिस्टर. प्रत्येक कामगाराची नोंद खाणीच्या रजिस्टरमध्ये, ज्याला तिथे ‘फॉर्म बी’ म्हणतात, व्हावी लागते. त्या क्रमांकाशिवाय हाजरी नाही, हाजरीशिवाय बत्ती, म्हणजे डोक्यावरचा दिवा, नाही.

पाचवी, भविष्यनिर्वाह निधी. नाशिकच्या ठेकेदाराचं खातं ईपीएफओकडे असतं, पण कोळसा खाणीत १९४८ च्या कायद्याखालचा स्वतंत्र कोळसा खाण भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे सीएमपीएफ, लागू होतो आणि तो ठेकेदाराच्या कामगारांनाही आहे. बिल अडकण्याचं हे नेहमीचं कारण. मजुरीचे दरही बघा: कोल इंडियाच्या खाणींत खनन कामावरच्या ठेकेदारी कामगारांना एचपीसीचे, म्हणजे उच्चाधिकार समितीने ठरवलेले, दर असतात आणि ते नाशिकच्या किमान वेतनापेक्षा बरेच जास्त पडतात. टेंडरची ही कलमं वाचल्याशिवाय दर भरलात तर नफा तिथेच संपला.

कमिशनिंगसाठी इंजिनीअरला एकच दिवस खाली जायचं आहे. त्यालाही हे सगळं?

बघायला जाणं आणि हात लावणं यांत फरक आहे. अभ्यागत म्हणून मॅनेजरच्या लेखी परवानगीने, सक्षम माणसाच्या सोबतीने, बंधपत्र भरून जाता येतं. पण त्याने पाना उचलला की तो काम करतोय, आणि मग तपासणी व प्रशिक्षणाचा प्रश्न येतो. सरळ उपाय असा की तुमचा माणूस सांगेल आणि खाणीचा इलेक्ट्रिशियन करेल, हे आधीच लेखी ठरवा. विद्युत सुपरवायझर तुमचाच असणार असेल तर त्याचं सक्षमता प्रमाणपत्र खाणीसाठी वैध आहे का ते पाहा. कारखान्यांसाठीचं साधं प्रमाणपत्र पुरत नाही.

लॅम्प रूममध्ये नेमकं काय होतं?

कॅप लॅम्प, सेल्फ रेस्क्यूअर (विषारी हवेतून बाहेर पडेपर्यंत श्वास घ्यायला पट्ट्याला लावायचा डबा) आणि टोकन मिळतं. प्रत्येक बत्तीला नंबर असतो आणि तो नंबर एकाच माणसाच्या नावावर. घेताना चार गोष्टी बघा: प्रकाश स्थिर आहे का, केबलला चीर आहे का, काच व हेडपीस घट्ट आहे का, कुलूप लागलेलं आहे का. बत्ती पूर्ण पाळी टिकली पाहिजे. अर्ध्या पाळीत मंद होणारी बत्ती चार्जिंगला नीट न लावल्याने किंवा सेल थकल्याने तशी होते. ती ‘चालतंय’ म्हणून पुन्हा रॅकवर ठेवू नका, नंबर सांगून नोंद करा.

सेल्फ रेस्क्यूअरचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक जिवावरचा आहे. फिल्टर प्रकारचा फक्त कार्बन मोनॉक्साइडचं रूपांतर करतो. हवेत ऑक्सिजनच कमी असेल तर तो निरुपयोगी. दुसरा प्रकार स्वतः ऑक्सिजन पुरवतो. हातात कोणता दिला आहे ते विचारा आणि नाकाला चिमटा लावून तोंडात माउथपीस धरायचा सराव वरच करा. फिल्टर प्रकार वापरताना आत येणारी हवा गरम लागते. याचा अर्थ तो काम करतोय. घाबरून तोंडातून काढणारे याच क्षणी काढतात. पट्ट्याला लावलेल्या डब्याचं सील तुटलेलं किंवा डबा चेपलेला असेल तर बदलून घ्या.

बत्ती आणि हाजरी जुळली नाही तर?

पाळी संपल्यावर हाजरी रजिस्टर, टोकन बोर्ड आणि बत्तीचा रॅक, हे तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. एक बत्ती परत आली नाही तर तो माणूस खालीच आहे असं धरून शोध सुरू होतो. ‘घरी गेला असेल’ हा अंदाज लॅम्प रूममध्ये चालत नाही.

आकडा चुकण्याची कारणं मात्र बहुतेक वेळा साधी असतात. माणूस दुसऱ्या मार्गाने बाहेर पडून थेट बसस्टँडवर जातो. सोबत्याच्या हातात बत्ती देऊन मोकळा होतो, आणि तो सोबती दोन्ही बत्त्या एकाच खिडकीत ठेवतो. पाळी वाढवून मिळते पण हाजरीवर कळवलेलं नसतं. ठेकेदाराची टोळी बत्त्यांची अदलाबदल करते. या चुका बऱ्याचदा बाहेरच्या कामगारांकडून होतात, म्हणून तुमच्या सुपरवायझरचं रोजचं शेवटचं काम एकच: आपली सगळी माणसं स्वतःची बत्ती स्वतःच्या हाताने परत देताना बघणं. तो सर्वांत शेवटी बाहेर पडतो.

झडती का घेतात? मोबाइल का नेऊ देत नाहीत?

कोळशातून मिथेन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं तर ठिणगी पुरते. म्हणून काडेपेटी, लायटर, विडी, सिगारेट, मोबाइल, बॅटरीचं घड्याळ, ब्लूटूथचं काहीही आत जात नाही. झडती सर्वांची होते, मॅनेजरचीही. विडी तंबाखूच्या पुडीत लपवणं हा जुना खेळ आहे आणि झडती घेणाऱ्याला तो तोंडपाठ आहे. पकडला गेलेला माणूस त्या दिवशीच गेटबाहेर जातो.

कपडे सुती घाला. पॉलिएस्टरवर स्थिर वीज साठते आणि आग लागली तर ते वितळून कातडीला चिकटतं. सैल शर्ट, लोंबता गमछा, अंगठी, कडं नको. हॉलेजच्या दोराला किंवा पट्ट्याला हे अडकतं.

अॅल्युमिनियमची शिडी आणि अवजारं विचारल्याशिवाय खाली नेऊ नका. गंजलेल्या लोखंडावर अॅल्युमिनियम आपटलं तर उडणारी ठिणगी वायू पेटवू शकते.

आमचं पॅनेल फ्लेमप्रूफ आहे, तरी परत का पाठवलं?

बहुधा साहित्याचा वायूप्रमाणे ठरणारा गट चुकला. रिफायनरी आणि केमिकल कारखान्यांसाठी गट दोनचं साहित्य बनतं. खाणीला गट एक लागतो, आणि वर डीजीएमएसची, म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालयाची, मान्यता. कारखान्यात उत्तम चालणारं पॅनेल या एका आकड्याने अडतं. साहित्य पाठवण्यापूर्वी नेमप्लेटचा फोटो खाणीच्या विद्युत अभियंत्याला दाखवा.

गट बरोबर असूनही अडण्याची कारणं: फ्लॅंजवर रंग मारलेला, एखादा बोल्ट गायब, वापरात नसलेलं केबलचं भोक बंद केलेलं नाही, ग्लँड सैल. फ्लेमप्रूफ डब्याचं तत्त्व असं की आत स्फोट झाला तरी ज्वाला अरुंद फटीतून बाहेर येईपर्यंत थंड व्हावी. फ्लॅंजवरचा रंग ती फट बिघडवतो. पेंटिंग शॉपमधल्या मुलाला हे कोणी सांगितलेलं नसतं, त्याने प्रेमाने दोन हात मारलेले असतात.

मुख्य पंखा बंद पडला तर वरच्या माणसांनी काय करायचं?

मुख्य पंखा बहुतेक ठिकाणी वर, तोंडापासून थोडा बाजूला बसवलेला असतो आणि खाणीतली हवा ओढून बाहेर टाकतो. त्या तोंडावरची स्फोटद्वाराची झडप स्फोटाच्या दाबाने उघडते आणि पंखा वाचवते. त्या झडपेवर लाकूड, पाइप, पोती टेकवून ठेवलेली दिसली तर लगेच सांगा. एअरलॉकची, म्हणजे हवा अडवायला एकामागे एक बसवलेली, दोन दारं एकाच वेळी उघडायची नाहीत. उघडली की पंखा खाणीऐवजी बाहेरचीच हवा खेचतो आणि खाली हवेचा प्रवाह मंदावतो. सामान आत नेताना घाईत एक दार लाकडाच्या ठोकळ्याने अडवून ठेवलं जातं. हे करू नका.

पंखा थांबला की खालची वीज तोडतात, माणसांना ताज्या हवेच्या बाजूला आणतात. पंखा पुन्हा सुरू झाला म्हणून लगेच वीज जोडत नाहीत. आधी वायू तपासतात. परतीच्या हवेत मिथेन ०.७५ टक्क्यांपेक्षा आणि कोणत्याही जागी १.२५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, ऑक्सिजन १९ टक्क्यांपेक्षा कमी नको. सगळ्यात मोठ्या पाळीतल्या दर माणसामागे मिनिटाला ६ घनमीटर किंवा रोजच्या दर टनामागे २.५ घनमीटर, यांतलं जे जास्त असेल तेवढी हवा द्यावी लागते.

तुम्ही सबस्टेशनमध्ये काम करत असाल तर ‘पाच मिनिटं शटडाउन घेतो’ असं परस्पर ठरवू नका. पंख्याला दुसऱ्या स्रोतातून पुरवठा आहे का, तो आज चालू आहे का, हे लेखी परमिटवर आल्याशिवाय हात लावायचा नाही.

तोंडाजवळ वेल्डिंग करता येतं का?

हवा आत जाणाऱ्या तोंडाजवळ लागलेल्या आगीचा धूर थेट खाली कामगारांपर्यंत पोचतो. म्हणून परमिट, पाणी व अग्निशामक हाताशी, एक माणूस फक्त आग बघायला, आणि काम संपल्यावरही काही काळ थांबून तपासणी. शक्य असेल तर तुकडा वर्कशॉपमध्ये जोडून आणा आणि जागेवर बोल्टने बसवा. नाशिकहून निघतानाच तशी रचना केली तर अर्धी कटकट वाचते. तोंडाजवळ तेलाचे डबे, कापसाच्या चिंध्या, लाकडाचे ढीग, पावसाळ्यानंतर वाळलेलं गवत नको. आणि ट्रक इंजिन चालू ठेवून इन्क्लाइनच्या तोंडाशी उभा करू नका. त्याचा धूरही आतच जातो.

इन्क्लाइनमधून चालत जाता येतं का?

हॉलेज बंद असेल आणि तसा ठरलेला मार्ग असेल तरच. दोर सुटलेला टब, म्हणजे कोळशाची छोटी गाडी, उतारावर काय करतो ते पाहण्यासारखं नाही. म्हणून तो अडवायला वर स्टॉप ब्लॉक, उतारावर रनअवे स्विच, आणि चढणाऱ्या टबामागे ड्रॅग लावतात. बाजूला ठरावीक अंतरावर माणसाने आत शिरून उभं राहायच्या खाचा असतात. त्यांत सामान ठेवलेलं दिसलं तर काढायला लावा. शाफ्टमध्ये डोलीत (माणसं नेणाऱ्या पिंजऱ्यात) किती माणसं, हे फलकावर लिहिलेलं असतं. बँक्समन, म्हणजे शाफ्टच्या तोंडावरचा इशारे देणारा माणूस, सांगेल तेव्हा चढायचं. घंटेचे इशारे त्यानेच द्यायचे.

पावसाळ्यात काय वेगळं?

गोदाघाटावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं यावर नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. खाणीत तीच रेघ आकड्यात असते. आजवरच्या उच्चतम पूरपातळीपेक्षा खाणीच्या तोंडाची सगळ्यात खालची कड किमान १.५ मीटर वर हवी. २६ सप्टेंबर १९९५ ला धनबादजवळ गजलीटांड खाणीत नदीचं पाणी घुसलं आणि ६४ कामगार गेले.

तुमच्या कामाशी याचा संबंध असा: शेडच्या पायासाठी खोदलेली माती गार्लंड ड्रेनमध्ये, म्हणजे पावसाचं पाणी अडवायला भोवती खणलेल्या चरात, टाकू नका. केबलचा चर तोंडाच्या दिशेने उघडा ठेवू नका, त्यातून पाण्याला वाट मिळते. जमिनीत नवीन भेग किंवा खड्डा दिसला तर लगेच ओव्हरमनला (पाळीवरच्या खाणीच्या पर्यवेक्षकाला) सांगा. खालचं छत बसल्याने पृष्ठभागावर अशा भेगा येतात आणि पावसाचं पाणी, हवा, दोन्ही त्यांतून आत जातात. त्यात स्वतःहून माती भरून मोकळं होऊ नका, आधी नोंद होऊ द्या.

कोळशाच्या ढिगातून वाफ निघतेय. काळजीचं आहे?

हो. वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापतो. ढीग सैल रचला की आत हवा खेळते, उष्णता साठते. उपाय म्हणजे थर देऊन दाबणं, उंची मर्यादित ठेवणं, आधी आलेला आधी उचलणं, आणि लोखंडी पाइप खोचून तापमान घेणं. ५० अंशांच्या पुढे आकडा चढत राहिला तर तो भाग उकरून पसरवतात. नुसतं वरून पाणी मारलं तर ते वरच्या वर वाहून जातं. एकलहऱ्याच्या यार्डातल्या लोकांना हे नवं नाही.

ट्रक आत नेताना?

चालकाकडे परवाना, हेल्मेट, बूट, जॅकेट. मागे येताना हॉर्न आणि खाली उतरलेला मदतनीस. वजनकाट्यावर रिकाम्या गाडीचं वजन दर फेरीला. कालचं आज चालत नाही. समृद्धीवरून रात्रभर गाडी चालवून आलेल्या चालकाला सकाळी थेट यार्डात पाठवू नका.

पाणी, जेवण, विश्रांतीची सोय कोणाची?

खाणीची, आणि ती ठेकेदाराच्या माणसांनाही आहे. दर माणसी किमान २ लिटर पिण्याचं पाणी, ५० पेक्षा जास्त माणसं असतील तर विश्रांती शेड, आणि संख्या आणखी मोठी असेल तर प्रथमोपचार खोली व कँटीन. चंद्रपूरच्या मे महिन्यात मात्र २ लिटर कुठेच पुरत नाही. नाशिकच्या हवेत वाढलेल्या माणसाला ४५ अंशांत पत्र्यावर चढवण्यापूर्वी पहिले काही दिवस सकाळचंच काम द्या. खाली एका दिवसात ८ तासांपेक्षा जास्त काम नाही.

महिला इंजिनीअर जाऊ शकतात का?

हो. २०१९ पासून तांत्रिक, पर्यवेक्षी आणि व्यवस्थापकीय कामासाठी भूमिगत खाणीत दिवसा जाता येतं. लेखी संमती आणि गटाने नियुक्ती या अटी आहेत. कपडे बदलायची जागा आधी विचारून ठेवा. नसली तर मागा.

अपघात झाला तर?

जखमीला बाहेर काढा, मॅनेजरला कळवा, आणि जागा जशी आहे तशी ठेवा. गंभीर अपघाताची जागा निरीक्षक येईपर्यंत हलवता येत नाही, जीव वाचवण्यापुरती सूट सोडून. १९५२ च्या खाण कायद्यात निरीक्षक ७२ तासांत आला नाही तर काम सुरू करायची मुभा होती. आपल्या यंत्राचा दोष निघेल या भीतीने तुटलेला भाग गाडीत टाकणारे सुपरवायझर असतात. त्याने साधी चूक गुन्हा होते. वायूचा संशय असेल तर मदतीला म्हणून खाली धावू नका. ते रेस्क्यू पथकाचं काम आहे, आणि असं धावत गेलेले बऱ्याच वेळा दुसरा बळी ठरतात.

काम संपल्यावर आमचं सामान बाहेर कसं काढायचं?

आत नेतानाच परतीचा गेटपास करून घ्या, प्रत्येक वेल्डिंग मशीन आणि चेन पुलीच्या सीरियल नंबरसह. ‘इतर अवजारे’ असं मोघम लिहिलं की बाहेर काढताना रक्षक अडवतो, आणि त्याचं बरोबर असतं. उरलेली केबल, पत्र्याचे तुकडे कोणाचे, हे वर्क ऑर्डरमध्ये पाहा. खाणीचं साहित्य असेल तर भंगारही स्टोअरलाच जमा होतं. बत्त्या, टोकन, रेस्क्यूअर परत केल्याची पावती घ्या. शेवटचं बिल निघताना स्टोअर, लॅम्प रूम आणि सुरक्षा, तिन्हीकडून ना-हरकत लागते, आणि रविवारी तिथे सही करायला कोणी भेटत नाही, तेव्हा परतीचं तिकीट सोमवारनंतरचं काढा.